कोरड्या दिवशी वाहणारं गटार

तलाव स्वच्छ करायचा म्हणून माणसं एकत्र येतात, तेव्हा पहिला हात पडतो तो प्लास्टिकवर. आमच्या गटाचंही तेच झालं. रविवारी सकाळी हातमोजे, गमबूट आणि पोती घेऊन जमायचं, काठावरच्या पिशव्या, बाटल्या, थर्माकोल उचलायचा. काही महिन्यांत काठ बघण्यासारखा झाला, फिरायला येणारी माणसं वाढली. ते काम आजही चालू आहे आणि चालू राहायलाच हवं. पण पाणी मात्र हिरवं ते हिरवंच. ऊन चढलं की वास सुटायचा. गटात रसायनशास्त्राचे एक निवृत्त शिक्षक आहेत, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. ते एकदा म्हणाले, "पिशवी दिसते म्हणून आपण काढतो. पाणी ज्याने बिघडतं ते विरघळलेलं आहे, ते दिसणार नाही. आधी मोजूया." तिथून आमच्या कामाची दिशा बदलली.

मोजायला सुरुवात केली ती सगळ्यात साध्या साधनाने. 20 सेंटिमीटर व्यासाची एक चपटी तबकडी, तिचे चार भाग आलटूनपालटून काळे-पांढरे रंगवलेले, मधोमध दोरी, खाली वजन. दोरीवर दर 10 सेंटिमीटरला पक्क्या शाईची खूण. हिला सेकी तबकडी म्हणतात. आंजेलो सेकी हे इटलीतले धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी 1865 मध्ये पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात तबकड्या सोडून पाणी किती आरपार दिसतं याच्या पद्धतशीर नोंदी केल्या. वापरायची रीत आजही जवळपास तीच आहे. होडीच्या सावलीच्या बाजूने तबकडी सोडायची, गॉगल काढून ठेवायचा, ती दिसेनाशी झाली की दोरीवरचं माप टिपायचं. मग थोडी आणखी सोडून हळूहळू वर घ्यायची आणि पुन्हा दिसू लागली की परत माप टिपायचं. दोन्हींची सरासरी ही त्या दिवसाची पारदर्शकता.

आमची तबकडी पहिल्या दिवशी हातभरसुद्धा खाली गेली नाही, तोच हिरव्यात नाहीशी झाली. या मापाचा अर्थ लावायला एक चांगली फूटपट्टी आहे. रॉबर्ट कार्लसन यांनी 1977 मध्ये तलावांसाठी एक निर्देशांक मांडला. त्यात पारदर्शकता 2 मीटर असेल तर 50, 1 मीटर असेल तर 60 आणि अर्धा मीटर असेल तर 70. पारदर्शकता निम्मी झाली की दहाची भर. आकडा जितका मोठा, तितकं तळ्यात शेवाळाचं खाद्य जास्त. आमचा आकडा सत्तरीच्या पुढे होता. पावसाच्या पाण्याबरोबर माती आली की तबकडी मातीमुळेही लवकर दिसेनाशी होते, त्यामुळे तेव्हाच्या नोंदीपुढे 'गढूळ' असं लिहून ठेवायची शिस्त सरांनी लावली. ज्या गटाकडे पैसा नाही, प्रयोगशाळा नाही, त्यांनी फक्त ही तबकडी घेतली आणि दर वेळी त्याच जागी, त्याच वेळेला सोडली, तरी वर्षभरात तलाव कुठे चालला आहे हे कळतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

प्राणवायूचं मात्र इतकं सोपं नव्हतं.

आम्ही सकाळी दहा-अकराला नमुने घ्यायचो आणि पाण्यातला विरघळलेला प्राणवायू, ज्याला सगळे डीओ म्हणतात, तो चक्क उत्तम यायचा. 25 अंश तापमानाला पाण्यात हवेतून साधारण 8.3 मिलिग्रॅम प्रति लिटर इतका प्राणवायू मावतो. आमची दुपारची काही रीडिंग त्याच्याही वर गेली. तलावावर गळ टाकून बसणारे एक काका आमचं हे सगळं रोज बघत असत. एक दिवस ते जवळ आले. "तुम्ही ऊन वर आल्यावर येता. पाण्याचे खरे हाल बघायचे तर झुंजूमुंजू व्हायच्या आत या. मासे तोंड वर काढून बसलेले असतात."

काका म्हणत होते ते शास्त्राला धरून होतं. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं, म्हणून दुपारी पाण्यात तो गरजेपेक्षा जास्त भरतो. रात्री तेच शेवाळ श्वासासाठी प्राणवायू घेतं, तळाच्या घाणीवर जगणारे जिवाणूही घेतात, आणि उजाडायच्या सुमाराला साठा तळाशी जातो. मासे मरतात ते याच वेळी, आणि सलग ढगाळ दिवसांनंतर तर हमखास, कारण दिवसा भरपाईच झालेली नसते. दुपारचा उत्तम आकडा हा तलाव निरोगी असल्याचा पुरावा नाही. उलट दुपार आणि पहाट यांतलं अंतर जितकं मोठं, तितका तलाव आजारी.

मग आम्ही पहाटे जाऊ लागलो. सरांनी विंकलरची पद्धत शिकवली. 1888 पासून चालत आलेली ही पद्धत अजूनही खात्रीची मानतात, आणि डोळ्यांनी बघून समजते. 300 मिलिलिटरची काचेची बुचाची बाटली पाण्याखालीच काठोकाठ भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. तिथेच काठावर तिच्यात मँगनीज सल्फेट घालायचं, मग आयोडाइड मिसळलेलं अल्कली. बुच लावून बाटली उलटीसुलटी केली की आत साका धरतो. पाण्यात प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो. नसेल तर पांढरा राहतो. पुढे आम्ल घालून, थायोसल्फेटने टायट्रेशन करून नेमका आकडा काढता येतो, पण पहिलं उत्तर काठावरच मिळतं.

त्या पहाटे आम्ही तीन ठिकाणचं पाणी घेतलं. तलावाच्या मध्यावरची बाटली फिकट तपकिरी झाली. लांबच्या काठाची थोडी गडद. नाला येऊन मिळतो तिथली बाटली कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीच्या हातात होती. तिने ती उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली. आत दुधासारखा पांढरा साका हळूहळू खाली बसला. टॉर्चच्या उजेडात आम्ही बघत राहिलो. ती म्हणाली, "सर, मी काही घालायचं विसरले का?" सरांनी दुसरी बाटली भरून दोन्ही औषधं स्वतः घातली. तीही पांढरी. तिथे माशाला श्वास घ्यायला काहीही शिल्लक नव्हतं. मला त्या क्षणी राग आला होता, हे मी लपवत नाही. इतक्या वर्षांत हे पाणी आपल्या डोळ्यांसमोर असून आपल्यापैकी कुणालाच हे ठाऊक नव्हतं, याचा राग.

नाल्याच्या तोंडाशी गोष्ट अडली आहे हे आता उघड होतं. पण का, हे समजून घ्यायला फॉस्फरसकडे वळावं लागतं. शेवाळाला वाढायला कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस सगळंच लागतं, पण गोड्या पाण्याच्या तळ्यांत बहुतेक वेळा तुटवडा असतो तो फॉस्फरसचा. त्यामुळे तो आला की शेवाळ फोफावतं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये 226 क्रमांकाच्या तळ्याच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसऱ्यात त्या दोन्हींबरोबर फॉस्फरसही. फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला, दुसरा होता तसाच राहिला. विमानातून काढलेला त्याचा फोटो आम्ही छापून काठावरच्या फलकावर लावला. दहा भाषणांनी झालं नसतं ते काम त्या फोटोने केलं.

शहरातल्या तलावात हा फॉस्फरस येतो कुठून? मैलापाण्यातून, धुण्याच्या पावडरींतून, बागांना घातलेल्या खतांतून, रस्त्यावरून धुऊन येणाऱ्या मातीतून. आणि येतो तो बहुतांशी पावसाळी गटारांतून. पावसाचं पाणी वाहून न्यायची लाइन वेगळी आणि ड्रेनेजची लाइन वेगळी असते, निदान कागदावर. पावसाळी लाइन कुठल्याही शुद्धीकरण केंद्रात जात नाही, ती सरळ तलावात उतरते. म्हणून एक साधी कसोटी आहे: बरेच दिवस पाऊस झालेला नसताना पावसाळी गटार वाहत असेल, तर ते पाणी पावसाचं नाही.

आमच्या कामातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे ही कोरड्या दिवसांतली पायपीट. तलावाच्या काठाने फिरून आम्ही तलावात उघडणाऱ्या प्रत्येक पाइपाची आणि नाल्याची जागा मोठ्या कागदावरच्या नकाशात टिपली. प्रत्येकाला क्रमांक दिला. मग ठरावीक वेळी जाऊन बघायचं: वाहतंय का, किती, रंग कसा, फेस आहे का, पाणी हाताला कोमट लागतं का (हातमोज्यातूनही ते कळतं), वास कसला. काही पाइप कोरडे ठणठणीत होते. ते नकाशावर हिरवे झाले. काहींतून स्वच्छ पाण्याची बारीक धार होती, ती फुटलेल्या नळाची किंवा जमिनीतल्या झऱ्याची असू शकते. फरक ओळखायला अमोनियाची पट्टी बुडवायची. ताज्या मैलापाण्यात अमोनिया भरपूर असतो, नळाच्या पाण्यात जवळजवळ नसतो. ज्या पाइपाच्या पाण्यात पट्टी गडद झाली आणि बाटली हलवल्यावर फेस टिकून राहिला, तो लाल.

लाल पाइपांपैकी एक फार बोलका निघाला. त्याच्यापाशी एका शनिवारी आम्ही पाळी लावून दिवसभर बसलो आणि ठरावीक वेळाने बादली किती सेकंदांत भरते ते मोजलं. सकाळी प्रवाह वाढला, जेवणाच्या वेळेनंतर ओसरला, संध्याकाळी पुन्हा चढला. घराघरांत नळ आणि संडास वापरायच्या ज्या वेळा, त्याच या पाइपाच्या वेळा. वरच्या अंगाला घरं होती हे सांगायला दुसऱ्या पुराव्याची गरज राहिली नाही. कोणती घरं, एवढंच शोधायचं होतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगते, कारण उत्साहात जीव जातात. चेंबरची झाकणं आमच्यापैकी कुणीही उघडली नाहीत आणि आत डोकावायला कुणी वाकलंसुद्धा नाही. बंद गटारात हायड्रोजन सल्फाइड साठतो. तो जास्त प्रमाणात असला की नाकाला वास येणंच बंद होतं, आणि माणूस सावध व्हायच्या आत कोसळतो. झाकण उघडणं हे पालिकेच्या प्रशिक्षित माणसांचं काम, तेही योग्य साधनं घेऊन. कोणत्याही गटाने यात तडजोड करू नये.

म्हणून त्यांना बोलवावं लागलं. आमचा पहिला अर्ज 'तलाव प्रदूषित होत आहे, कृपया कार्यवाही करावी' अशा थाटाचा होता आणि त्याला पोचपावतीपलीकडे काही मिळालं नाही. दुसऱ्या वेळी आम्ही नकाशा नेला, पाइपांचे क्रमांक नेले, दिवसभराच्या प्रवाहाचा आलेख नेला, पट्ट्यांचे तारखेसकट फोटो नेले. टेबलापलीकडच्या अभियंत्यांनी कागद हातात घेतला, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "हा सात नंबर नेमका कुठे?" त्या प्रश्नाने आमच्या सगळ्या पहाटा भरून पावल्या. तक्रार घेऊन येणारी माणसं त्यांच्याकडे रोज येतात. खोदायची जागा दाखवणारी माणसं क्वचित.

पुढचं शोधकाम त्यांच्या माणसांबरोबर झालं. फ्लुओरेसिन नावाचा रंग असतो, पाण्यात चमकदार हिरवट-पिवळा दिसतो आणि अगदी थोडा पुरतो. संशयित इमारतीच्या संडासात तो टाकून फ्लश करायचं आणि खाली पावसाळी चेंबरपाशी थांबायचं. रंग तिथे आला तर जोडणी चुकीची आहे. आदल्या दिवशी आम्ही वस्तीत घरोघरी जाऊन सांगून आलो होतो, नाहीतर नाल्यात अचानक हिरवं पाणी बघून लोक घाबरले असते. पहिल्या इमारतीचा रंग ड्रेनेजमध्येच गेला. दुसरीचाही. तिसऱ्या इमारतीचा फ्लश ओढला आणि थोड्या वेळाने पावसाळी चेंबरच्या तळाशी एक बारीक चमकती रेघ सरकत आली. वाकलेल्या कामगाराने मान वर करून हाक दिली, "आला!"

त्या सोसायटीच्या सेक्रेटरी बाई खाली आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा धक्का खरा होता. "ताई, आमच्या घरातून हे तलावात जातंय हे आम्हाला आजवर कुणी सांगितलंच नाही हो." बरोबरच होतं. इमारत बांधताना ज्याने लाइन जोडली त्याने जवळ जो पाइप सापडला त्याला जोडून टाकली, आणि राहणाऱ्यांना ते कधी कळलंच नाही. त्यांनीच सभा बोलावली, खर्च मंजूर करून घेतला, जोडणी बदलून घेतली. तलावाला घाण करणारे म्हणजे कुणी दुष्ट लोक असतात या समजुतीने आपण भांडायला जातो. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा समोर होती ती जमिनीखालची एक चुकीची जोडणी आणि तिची कल्पना नसलेली माणसं. त्यांना घेऊनच पुढे जावं लागतं.

या काळात आम्हाला बरेच झटपट उपाय सुचवले गेले. पाण्यात टाकायची जिवाणूंची पावडर, मधोमध कारंजं, वर तरंगणाऱ्या बागा. कारंज्याने आजूबाजूच्या पाण्यात प्राणवायू वाढतो हे खरं आहे, मासे मरू लागले तर तात्पुरता आधार म्हणून ते उपयोगी आहे, पण त्याने फॉस्फरसचा एक कणही बाहेर जात नाही आणि उथळ तलावात गाळ ढवळला जातो तो वेगळाच. तरंगत्या तराफ्यांवर कर्दळ, वाळा लावला की मुळांवर जिवाणूंचा थर धरतो आणि थोडं शोषण होतं. पण वाढलेली झाडं कापून बाहेर काढली तरच त्यांनी घेतलेलं खाद्य तलावाबाहेर जातं, आणि नाला चालू असेपर्यंत येणाऱ्या लोंढ्यापुढे ते फार थोडं. पावडरवाल्यांना आम्ही एकच विचारलं: टाकण्याआधीचे आणि नंतरचे आकडे, आणि शेजारी काहीही न टाकलेल्या भागाचे आकडे दाखवाल का?

जलपर्णीचंही तसंच. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, पोषक पाण्यात दोन आठवड्यांच्या आसपास दुपटीने पसरते, आणि तिचं बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं. काढायलाच हवी. फक्त काढून काठावर ढीग लावला तर ती कुजते आणि तिच्यातलं सगळं पुन्हा पाण्यात झिरपतं, म्हणून ढीग पाण्यापासून दूर हलवणं हा कामाचाच भाग धरला पाहिजे.

एक गोष्ट मुलांच्या आणि प्राण्यांच्या जिवाची आहे. पाण्यावर हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखा तवंग दिसला तर ते साधं शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया असू शकतात, आणि त्यांच्या काही जाती यकृताला घातक विष तयार करतात. ते पाणी पिऊन गुरं आणि कुत्री दगावल्याच्या नोंदी जगभर आहेत. प्राथमिक अंदाजासाठी आम्ही हातमोजे घालून काचेच्या बरणीत ते पाणी भरतो आणि रात्रभर न हलवता ठेवतो. सकाळी हिरवा थर वर गोळा झालेला असेल तर संशय पक्का धरायचा, तळाशी बसला असेल तर बहुधा दुसरं शेवाळ. ही काही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे. पण फलक लावून लोकांना पाण्यापासून दूर ठेवायला तेवढी पुरेशी आहे.

जोडणी बदलल्यावर सात नंबरचा पाइप काही दिवसांत सुकला. त्या दिवशी आम्ही सगळे तिथे उभे होतो आणि कोरडं सिमेंट बघून आनंद होत होता. तलाव मात्र लगेच बदलला नाही, आणि त्याची आम्हाला सरांनी आधीच कल्पना दिली होती. आजवर आलेला फॉस्फरस तळाच्या गाळात लोहाला धरून बसलेला असतो. तळाशी प्राणवायू संपला की ती पकड सुटते आणि तो पुन्हा वर येतो. स्वीडनमधल्या ट्रुमेन तलावात सांडपाणी बंद करूनही सुधारणा होईना, शेवटी 1970 आणि 1971 मध्ये वरचा गाळ उपसून काढावा लागला, तेव्हा पाणी सुधारलं. दुसरीकडे अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये सांडपाणी 1963 ते 1968 या काळात टप्प्याटप्प्याने वळवलं, तेवढ्यावर ते खोल तळं काही वर्षांतच निवळलं. उथळ, गाळाने भरलेल्या शहरी तलावाला ट्रुमेनचा धडा जास्त जवळचा आहे. पण दोन्ही ठिकाणी पहिलं काम एकच होतं, येणारं सांडपाणी थांबवणं. नाला चालू ठेवून गाळ काढणं म्हणजे पुन्हा गाळ भरायची सोय करणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आमची तबकडी कोरड्या महिन्यांत पूर्वीपेक्षा खाली जाते. नाल्याच्या तोंडाशी पहाटेची बाटली तपकिरी होते, फिकट का होईना. पहिल्या मोठ्या पावसानंतर, रस्त्यांवर साठलेलं सगळं एकदम धुऊन आलं की आकडे घसरतात आणि सावरायला वेळ घेतात. गळ टाकणाऱ्या काकांना आम्ही पहाटेच्या पाळीत सामील करून घेतलं आहे. बुडबुडा न येऊ देता बाटली भरण्यात त्यांचा हात आमच्यापेक्षा स्थिर आहे.

अकरा नंबरचा पाइप अजून लाल आहे. त्याचा प्रवाह रात्री उशिरा वाढतो, त्यामुळे तो घरांचा नसावा असा आमचा अंदाज आहे. वरच्या अंगाला त्याला दोन फाटे फुटतात आणि दोन्ही चेंबर रहदारीच्या रस्त्यात आहेत. पालिकेच्या माणसांनी पुढच्या कोरड्या आठवड्यात रात्री रस्ता बंद करून झाकणं उघडायचं कबूल केलं आहे. अमोनियाच्या पट्ट्या आणि फ्लुओरेसिन आणून ठेवलं आहे. वस्तीत आधी कळवायची जबाबदारी माझ्याकडे आहे.